मॉड्युलर सिंथ म्हणजे काय: आत्याला सांगितलं तसं

माझी आत्या बॉम्बे टेलिफोन्सला ऑपरेटर होती. एमटीएनएल व्हायच्या आधीची गोष्ट ही. ट्रंक बोर्डावर बसायची, कानाला हेडसेट, समोर भोकांची भिंत आणि हातात कॉर्ड, कोणी नागपूर मागितलं की ही कॉर्ड त्या भोकात. गेल्या मे महिन्यात ती आमच्याकडे परळला राहायला आलेली, माझ्या खोलीत डोकावली आणि माझा मॉड्युलर सिंथ (विजेवर आवाज तयार करणारं, केबल खुपसून जोडायचं वाद्य) बघून उंबऱ्यातच थांबली. "अरे, एक्सचेंज मांडलंयस का घरात?"

मित्र येतात ते सगळे एकच जोक मारतात, बॉम्ब बनवतोयस का वगैरे. आत्याचा अंदाज त्यामानाने फारच जवळ होता, कारण जुन्या मॉड्युलर सिंथेसायझरवर जो जाडा पाव इंची जॅक असतो (गिटारला लागतो तोच) तो मुळात एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डासाठीच आला. तर चार संध्याकाळी चहा घेत तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, थोडं साफसूफ करून. इंजिनियर मंडळींनी एकदोन ठिकाणी काणाडोळा करावा.

मी शाळेत असताना आमच्या मंडळाच्या बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचो. त्या कीबोर्डात बटण दाबलं की सनई, दुसरं दाबलं की व्हायोलिन. आत काय चाललंय ते कंपनीने ठरवून झाकण लावून टाकलेलं. मॉड्युलर म्हणजे ते झाकण नसलेला प्रकार, किंबहुना आतले अवयवसुद्धा एकमेकांना जोडलेले नाहीत असा प्रकार. समजा कोणी पेटी खोलली, भाता एकीकडे, सूरपट्टी एकीकडे, पट्ट्या तिसरीकडे, सगळं टेबलावर मांडलं आणि म्हणालं आता तुझं तू जोड, आणि भात्याची हवा सुरांनाच दिली पाहिजे असंही काही नाही, हवं तर पट्ट्यांनी भाता हलव. ते जोडकाम म्हणजे पॅच. केबल लावलेल्या नसतील तर लाखो रुपयांचं यंत्र चकार शब्द काढत नाही.

अवयव, म्हणजेच मॉड्युल, तसे बरेच, पण चार कळले की काम भागतं.

पहिला ऑसिलेटर. हा व्होल्टेज वरखाली हलवतो, सेकंदाला ४४० वेळा हलवलं की स्पीकरचा पडदा ४४० वेळा मागेपुढे होतो आणि आपल्याला एक सूर ऐकू येतो. कसं हलवतो त्यावर आवाजाचा पोत. करवतीच्या दातासारखं हलवलं तर आवाज भरलेला आणि खरखरीत येतो कारण त्यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे वरचे सूर मिसळलेले असतात. चौकोनी लाट घेतली तर त्यातले फक्त विषम राहतात, तिप्पट, पाचपट, सातपट, म्हणून आवाज पोकळ, थोडा बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटसारखा. तानपुऱ्याची जवारी लावताना दोरा सरकवतो तेव्हा आपण हेच करत असतो, तारेचा सूर तोच पण वरचे सूर किती उघडायचे ते ठरवत असतो.

दुसरा फिल्टर, आणि हा समजवायला गणपतीसारखं उदाहरण नाही. बाजूच्या गल्लीतून मिरवणूक जातेय. खिडकी उघडी आहे तोवर सगळं येतं, ताशा, झांजा, बेंजोची चिरकणारी धून, पोरांच्या शिट्ट्या. खिडकी लावली की झांजा गेल्या, ताशा गेला, बेंजो अर्धा गेला, उरला नुसता ढोल, तो मात्र भिंतीतून आणि खाटेतूनही येतोच. ती खिडकी म्हणजे लो-पास फिल्टर, खालचं सोडायचं, वरचं अडवायचं. आता खिडकी एकदम धाडकन न लावता हळूहळू लोटत न्या, बाहेरचा आवाज कसा 'आ'चा 'ऊ' होत जातो बघा, सिंथचा तो सगळ्यांना माहीत असलेला वाँव आवाज तिथून येतो. शिवाय फिल्टरला रेझोनन्स नावाची एक खुंटी असते, ती वाढवली की जिथे कापतोय नेमक्या त्याच जागेवरचा सूर तो उचलून धरतो, फारच वाढवली तर फिल्टर स्वतःच शिट्टी मारायला लागतो, आत काही न देता.

तिसरा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आवाजाचा नळ, त्यात फार काही नाही. चौथा एन्व्हलप, तो ठरवतो की नळ कसा उघडायचा. देवळातली घंटा टण्णकन एकदम पूर्ण वाजते आणि मग बराच वेळ विरत जाते, शंख हळूहळू भरत येतो, पेटीची पट्टी दाबली आहे तोवर सूर टिकतो आणि सोडली की संपला. हे तिन्ही एन्व्हलपचेच आकार. चढ, उतार, टिकाव आणि सुटका असे त्याचे चार भाग असतात, ही वाटणी व्लादिमीर उसाचेव्स्की नावाच्या संगीतकाराने १९६५ च्या सुमारास मागून घेतली आणि आज मोबाईलमधल्या फुकट अ‍ॅपमध्येही तीच आहे.

हे मागून घेतलं कोणाकडे तर रॉबर्ट मोग यांच्याकडे. हो, उच्चार 'मोग' असाच आहे, मी दहा वर्षं 'मूग' म्हणत होतो आणि एका गोव्याच्या मित्राने सुधारलं, म्हणाला आमच्या कोकणीत मोग म्हणजे प्रेम, तू कसले मूग गिळतोयस. न्यूयॉर्क राज्यात राहणारा हा माणूस थेरमिनची (हात न लावता, हवेत हात हलवून वाजवायचं विजेचं वाद्य) किट विकायचा, १९६४ मध्ये हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर बसून त्याने व्होल्टेजवर चालणाऱ्या सिंथचा पहिला नमुना बनवला.

व्होल्टेजवर चालणाऱ्या, इथेच खरी गोम आहे. लोक केबल, दिवे आणि लाकडी पेट्या बघतात आणि वाटतं की जुनं आहे म्हणून किचकट आहे. तसं नाही. या यंत्रात सूर म्हणजे व्होल्टेज, आणि सुराला दिलेला हुकूमसुद्धा व्होल्टेजच. फिल्टरची खुंटी हाताने फिरवा किंवा तिथे दुसऱ्या मॉड्युलची केबल खुपसा, फिल्टरला फरक कळत नाही. एक ऑसिलेटर घ्या, तो इतका मंद करा की सेकंदाला एकदाच हलेल, हा ऐकू येणारच नाही, पण याची केबल दुसऱ्या ऑसिलेटरला लावली की दुसऱ्याचा सूर वरखाली व्हायला लागतो, अँब्युलन्सच्या भोंग्यासारखा. आता पहिल्याचा वेग वाढवत न्या, सेकंदाला पाच, दहा, वीस, भोंगा थरथरायला लागतो, मग गुरगुरतो, आणि सेकंदाला शंभरच्या आसपास गेलात की थरथर ऐकू येणं बंद होऊन एक नवाच धातूसारखा, फुटक्या घंटेसारखा आवाज तयार होतो. केबल एकही बदललेली नाही, जो मघाशी हुकूम होता तोच आता सूर झालाय.

हे करून दाखवलं तेव्हा आत्या म्हणाली, "यात काय, आमच्याकडेही रिंग आणि बोलणं एकाच जोडीवरून जायचं." खरंच की, घंटी वाजवणारा करंट आणि माणसाचा आवाज, टेलिफोनच्या त्याच दोन तारा. इतकी वर्षं मी हे लोकांना समजवायला उदाहरण शोधत होतो आणि ते घरातच होतं.

आता हुकूम द्यायचा तर काही भाषा ठरली पाहिजे. मोगची भाषा अशी की एक व्होल्ट वाढवला की सूर एक सप्तक वर. १ व्होल्ट भागिले १२, म्हणजे साधारण ८३ मिलिव्होल्टला पेटीची एक पट्टी. पण व्होल्टेज काही पट्टीपट्टीने चढत नाही, ते जिन्यासारखं नाही, उतारासारखं आहे, ८३ आणि १६६ च्या मध्ये सगळी जागा मोकळी आहे. आपल्या माणसाने इथे कान टवकारायला पाहिजेत, कारण आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती ती याच कारणावरून ना, की पेटीला मींड येत नाही आणि श्रुती जागेवर बसत नाहीत. इथे दोन सुरांच्या मध्ये स्ल्यू नावाचं मॉड्युल टाकलं की व्होल्टेज उडी न मारता घसरत जातं, झाली मींड. श्रुतीचं म्हणाल तर प्रमाण श्रुती म्हणतात ते अंतर सुमारे २२ सेंटचं (पेटीच्या एका पट्टीचे शंभर सेंट), म्हणजे या भाषेत १८ मिलिव्होल्ट, एका बारीक खुंटीचा केसभर फेर. दरबारीचा आंदोलित गंधार मी मंद ऑसिलेटर लावून करून बघितला, जागा बरोबर लागली पण ऐकायला अगदीच घड्याळाच्या लंबकासारखा, कारण गाणारा प्रत्येक झोका वेगळा घेतो. मग तो मंद ऑसिलेटर दुसऱ्या एका अनियमित व्होल्टेजने हलवला तेव्हा जरा जीव आला. गाणाऱ्या माणसाच्या पासंगालाही पुरत नाही हे कबूल.

पट्ट्या पाहिजेत की नकोत हा वाद तिकडेही झाला, आणि त्याच काळात. मोगने सिंथला कीबोर्ड लावला. कॅलिफोर्नियात डॉन बुकला नावाचा दुसरा माणूस त्याच सुमाराला सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरच्या संगीतकारांसाठी यंत्र बनवत होता, त्याने पियानोसारख्या पट्ट्या ठेवल्या नाहीत, बोटांनी स्पर्श करायच्या धातूच्या पट्ट्या आणि सिक्वेन्सर, म्हणजे ठरवलेले व्होल्टेज ओळीने आपोआप देणारं मॉड्युल, दिला, त्याचं म्हणणं असं की पियानोच्या पट्ट्या समोर आल्या की हात जुनंच वाजवणार. मॉर्टन सुबोटनिकने बुकलावर १९६७ मध्ये खास एलपीसाठी म्हणून रचना केली, नव्या आवाजांचं जंगलच. दुसऱ्याच वर्षी, १९६८ ला, वेंडी कार्लोसने मोगवर बाख वाजवला आणि तीन ग्रॅमी मिळवले. तो मोग एका वेळी एकच सूर काढायचा, त्यामुळे तिने एकेक ओळ वेगळी वाजवून टेपवर थरावर थर चढवले, आणि मधेच सूर सरकला की पुन्हा लावणं आलंच. पुढे जपानच्या इसाओ तोमिताने तसंच एकेक थर रचून देबुसी वाजवला, आणि जॉर्जिओ मोरोडरने १९७७ मध्ये एक डिस्को गाणं जवळजवळ सगळं मोग मॉड्युलरवर उभं केलं. माझं मत विचाराल तर बुकलाचा मुद्दा बरोबर होता पण पैसे मोगच्या बाजूला होते, कारण दुकानात शिरलेल्या माणसाला पट्ट्या दिसल्या की कळतं याचं काय करायचं.

आपल्याकडे हे काही आलंच नाही असा समज असेल तर तो काढून टाका. रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी अहमदाबाद. तिथल्या एनआयडीत, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मोग मॉड्युलर आणून स्टुडिओ उभा केला. मागे हात गीता साराभाईंचा, ज्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज या प्रयोगशील अमेरिकन संगीतकाराला भारतीय संगीत शिकवलं होतं. या स्टुडिओत गीताबाईंनी स्वतः, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा लोकांनी टेपा भरल्या, मग यंत्र बाजूला पडलं आणि टेपा कपाटात. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्या रेकॉर्ड म्हणून बाहेर आल्या. पन्नास वर्षं! मी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा दादर ते ठाणे फास्ट लोकलमध्ये होतो, आणि त्यातला एक तुकडा गाडीच्या आवाजात असा मिसळला की हेडफोन काढून बघावं लागलं काय कुठून येतंय.

मुंबईची गोष्ट वेगळी, इथे प्रयोगाला पैसे नव्हते पण फिल्मला होते. १९५४ च्या 'नागिन'मधली बीन आठवते ना, ती बीन नव्हेच, क्लॅव्हियोलिन नावाच्या व्हॉल्व्हवाल्या छोट्या कीबोर्डवर कल्याणजींनी वाजवलेली. सत्तरच्या दशकात फिल्मी वादक केरसी लॉर्ड यांनी मिनीमोग इथल्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत आणला. मिनीमोग म्हणजे १९७० मध्ये आलेली मोगची छोटी आवृत्ती, ज्यात तेच अवयव पण आतूनच जोडलेले, केबल नाहीत, काखोटीला मारून टॅक्सीत टाकता येईल असा. फिल्मवाल्यांना तेच परवडणार, शिफ्ट सुरू झाली की अख्खा ऑर्केस्ट्रा वाट बघत बसलेला असताना कोण चाळीस केबल लावत बसणार.

आणि मग चरणजित सिंग. हिंदी फिल्मच्या ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षं वाजवलेला मुंबईचा माणूस, १९८२ मध्ये रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं घेऊन, ज्युपिटर-८ सिंथ, बेससाठीचं टीबी-३०३ आणि ठेक्यासाठीचं टीआर-८०८, त्याने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एलपी काढली. कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चाट पडले, कारण शिकागोत ज्याला अ‍ॅसिड हाऊस म्हणतात ते नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत १९८७ मध्ये ज्या ३०३ च्या आवाजावर उभं राहिलं तो आवाज इथे पाच वर्षं आधी भैरव वाजवत होता. ही यंत्रं मॉड्युलर नव्हेत, अ‍ॅनालॉग आहेत एवढंच, पण मुद्दा तोच येतो बघा. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे, स्लाइड म्हणतात, आणि मघाचा रेझोनन्सवाला फिल्टर. राग वाजवणाऱ्या माणसाला स्लाइड दिसल्यावर तो काय करणार, मींडच काढणार. २०१५ मध्ये ते गेले, शेवटच्या काही वर्षांत परदेशात स्टेजवर वाजवून आले तेवढं तरी बरं झालं.

आजचं म्हणाल तर अरुषी जैनला ऐका, हिंदुस्तानी गायन शिकलेली मुलगी, अमेरिकेत राहते, मॉड्युलर आणि स्वतःचा गळा यावर २०२१ मध्ये संध्याकाळच्या रागांचा अल्बम केला. तिच्यासारखे लोक वापरतात ती यंत्रं बहुतेक युरोरॅक मापाची. हे माप जर्मनीच्या डीटर डोएफरने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ठरवलं, उंची १२८.५ मिलिमीटर, बारीक साडेतीन मिलिमीटरचे जॅक, अधिक-उणे १२ व्होल्टचा सप्लाय, आणि मग जगभर शेकडो लहान कंपन्यांनी त्याच मापात मॉड्युल काढले. माझं यंत्र हेच, आठ मॉड्युल, तीन वर्षांत जमवलेले, कस्टम ड्युटी भरून भरून.

व्हिंटेज हवं असा हट्ट धरणाऱ्यांना एक सांगतो. जुना म्हणजे उबदार, नवा म्हणजे कोरडा हे अर्धं खरं आणि अर्धं जुनी यंत्रं विकणाऱ्यांनी पसरवलेलं आहे. जुने ऑसिलेटर सुरात राहत नाहीत कारण एक व्होल्टला एक सप्तक हा हिशोब जो ट्रान्झिस्टर करतो तो तापमानाप्रमाणे बदलतो, त्यावर उतारा म्हणून खास रेझिस्टर लावतात तरी थोडं सरकतंच. चालू करून अर्धा तास तापू द्यायचं, मग सूर लावायचा. एका संध्याकाळी आत्याने मला न विचारता एसी बंद केला (गुडघे दुखतात तिचे) आणि दहा मिनिटांत माझे दोन ऑसिलेटर एकमेकांशी भांडायला लागले, अर्थात ते भांडण, दोन सुरांमधली ती लाट, कानाला गोडच लागते, तीच ती ऊब. पण आपल्या हवेत खरा शत्रू पावसाळा. जॅक काळे पडतात, खुंट्या फिरवल्या की खरखरतात, जूनपासून मी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कॉन्टॅक्ट क्लीनर हाताशी ठेवतो. अमेरिकेतून जुनं काही आणणार असाल तर ते तिकडच्या १२० व्होल्टवर चालणारं असू शकतं, आपल्या २३० मध्ये खुपसण्याआधी मागची पट्टी वाचा. मी शहाणपण शिकवतोय पण माझाच एक मॉड्युल मी जाळलाय, सप्लायची चपटी केबल उलटी लावून. तिच्या एका कडेला लाल रेघ असते, ती उणे १२ व्होल्टच्या बाजूला, हे आता झोपेतही सांगेन.

शेवटच्या संध्याकाळी एक फारच सुंदर आवाज लागला होता, खाडीवर पहाटे होड्या एकमेकींवर आपटतात तसा काहीतरी. आत्याने विचारलं हा उद्या ऐकवशील का मुलांना. म्हटलं नाही ऐकवता येणार, यात सेव्ह नसतं. फोटो काढून ठेवतो, कुठली केबल कुठे ते लिहून ठेवतो, तरी खुंटी केसभर इकडची तिकडे झाली की तो आवाज गेला. तिला यात काही विशेष वाटलं नाही, म्हणाली ट्रंक कॉल तीन तीन मिनिटांच्या हिशोबाने चालायचे आणि बोलणं संपलं की कॉर्ड काढायचीच, पुढचं गिऱ्हाईक थांबलेलं असतं. आणि खरोखर एक केबल उपटली तिने. मी रेकॉर्ड करत नव्हतो.

तुम्हाला करून बघायचं असेल तर आधी एक रुपया खर्च करू नका. व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, २०१७ मध्ये आलेलं, लॅपटॉपवर युरोरॅकची भिंतच उभी करतं, केबल माऊसने ओढायच्या. एक ऑसिलेटर थेट आउटपुटला जोडा, नुसती घरघर येईल, येऊ दे. मधे फिल्टर घाला. मग मंद ऑसिलेटर फिल्टरला लावा, मग तोच काढून पहिल्या ऑसिलेटरला लावा आणि मघाचा भोंग्याचा प्रयोग करा. हेडफोनचा आवाज मात्र सुरू करायच्या आधीच निम्म्यावर आणा, रेझोनन्स वर गेला की जी शिट्टी निघते ती कानात घुसते, आणि घरातले दाराशी येऊन उभे राहतात.